‘जेवायलोय’ला इंग्रजीत दोन शब्द का लागतात: सहायक क्रियापदांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिक्षण मराठी माध्यमातून झालं, सध्या अंबाजोगाईत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. ॲम-इज-आर, वॉज-वेअर, हॅव-हॅज-हॅड, डू-डज-डिड आणि वरून कॅन-कुड-मे-माइट असे सगळे तक्ते तोंडपाठ आहेत. तरी बोलायला तोंड उघडलं की ‘आय ॲम गो’, ‘ही इज कम’, ‘आय डिड नॉट वेंट’ असंच बाहेर पडतं. कुठलं कधी लावायचं, याचा एकच नियम आहे का?

एक नाही, दोन आहेत. पहिला: इंग्रजी वाक्यात काळ, नकार आणि प्रश्न ही तिन्ही ओझी पहिलं सहायक क्रियापद उचलतं, मुख्य क्रियापद नाही. दुसरा: प्रत्येक सहायक क्रियापद आपल्या लगेच पुढच्या क्रियापदाचं रूप ठरवतं. तुमच्या तक्त्यांत यातलं काहीच नाही. तक्ता एवढंच सांगतो की ‘आय’ला ‘ॲम’ आणि ‘ही’ला ‘इज’. पण मुळात ‘बी’च्या (म्हणजे ॲम, इज, आर, वॉज, वेअर यांच्या) घरात शिरायचं, ‘हॅव’च्या की ‘डू’च्या, हे तो सांगत नाही. म्हणून तक्ता पाठ असूनही माणूस बोलताना अडतो.

आधी आपल्याकडची अडचण बघू, कारण ती पुण्याच्या मुलापेक्षा थोडी वेगळी आहे. प्रमाण मराठीत ‘मी जेवत आहे’ असे सुटे शब्द दिसतात. लातूर, बीड, परभणी, नांदेडकडं आपण म्हणतो ‘मी जेवायलोय’. तो ‘जायलाय’, पाऊस ‘पडायलाय’, तू काय ‘करायलास’. ‘आहे’ शेवटच्या ‘य’मध्ये किंवा ‘स’मध्ये विरघळून गेलाय. कानाला तो वेगळा शब्द म्हणून ऐकूच येत नाही. त्यामुळं इंग्रजीत ‘आय ईटिंग’ असं अर्धवट वाक्य तयार होतं आणि बोलणाऱ्याला काही राहून गेल्यासारखं वाटतही नाही. दुसरीकडं, शाळेत पहिला धडा ‘आय ॲम अ बॉय’ असा असतो. तो इतक्यांदा घोकला जातो की ‘आय ॲम’ हा जोडशब्द होऊन त्याचा अर्थच ‘मी’ असा बसतो. मग ‘मी जातो’चं ‘आय ॲम गो’ होतं. मराठी डोक्याच्या हिशेबानं यात चूक काहीच नाही: आय ॲम म्हणजे मी, गो म्हणजे जातो.

यावर उपाय म्हणजे ‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर’ हे शब्द वचन दिल्यासारखे धरायचे. ते उच्चारले की पुढं सहसा तीनच गोष्टी येतात. एक, कर्ता कोण, कसा किंवा कुठं आहे ते: अ फार्मर, हंग्री, इन नांदेड. दोन, ‘इंग’ लावलेलं क्रियापद: गोइंग. तीन, क्रियापदाचं तिसरं रूप, म्हणजे कर्मणी: रिपेअर्ड, ब्रोकन. ‘गो’, ‘कम’, ‘ईट’ असं उघडं क्रियापद त्यांच्यामागं लगेच कधीच येत नाही. ‘आय ॲम अग्री’ हे आपल्याकडचं फार जुनं दुखणं आहे. ‘मी सहमत आहे’मधल्या ‘आहे’नं ते आलंय. ‘अग्री’ स्वतःच क्रियापद आहे, म्हणून ‘आय अग्री’.

आता मंडळी किती आहेत ते मोजू. ‘बी’, ‘हॅव’ आणि ‘डू’ ही तीन, आपापल्या रूपांसह. मग नऊ मोडल, म्हणजे क्षमता, शक्यता, सक्ती असा अर्थ जोडणारे सहायक: कॅन, कुड, विल, वुड, शॅल, शुड, मे, माइट, मस्ट. काठावर उभी असलेली चार: ऑट टु, यूज्ड टु, नीड, डेअर. झालं. पुढची सगळी गुंतागुंत यांच्याच जोडण्यांतून येते.

दुसरा नियम आधी घेतो, कारण तो यंत्रासारखा चालतो आणि एकदा हातात बसला की निम्म्या चुका जातात. मोडलच्या मागं, म्हणजे वाक्यात त्याच्या लगेच नंतर, मूळ रूप. ‘डू, डज, डिड’च्या मागंही मूळ रूप. ‘हॅव, हॅज, हॅड’च्या मागं तिसरं रूप. ‘बी’च्या मागं ‘इंग’, किंवा कर्मणी असेल तर तिसरं रूप. आणि एकापेक्षा जास्त आली तर रांग ठरलेली: मोडल, मग हॅव, मग चालू क्रियेचं बी, मग कर्मणीचं बी, शेवटी मुख्य क्रियापद. मधलं कुणी गैरहजर असू शकतं, पण रांग मोडत नाही. विहिरीवरच्या मोटारपंपावर हे करून बघा:

द पंप इज रिपेअर्ड एव्हरी इयर. दरवर्षी दुरुस्त केला जातो.
द पंप इज बीइंग रिपेअर्ड. दुरुस्त केला जातोय.
द पंप हॅज बीन रिपेअर्ड. दुरुस्त झालाय.
द पंप मस्ट हॅव बीन रिपेअर्ड. दुरुस्त केलेला असणार.

शेवटचं वाक्य उकलून बघा. ‘मस्ट’नं पुढच्याला मूळ रूपात ठेवलं, म्हणून ‘हॅज’ नाही, ‘हॅव’; कर्ता एकवचनी असला तरी. ‘हॅव’नं पुढच्या ‘बी’ला तिसऱ्या रूपात ढकललं, म्हणून ‘बीन’. ‘बीन’नं कर्मणीसाठी ‘रिपेअर’चं ‘रिपेअर्ड’ केलं. रेल्वेसारखं, प्रत्येक डबा फक्त लगेच नंतरच्या डब्याला धक्का देतो, दोन डबे सोडून पलीकडं नाही. म्हणून ‘इज बीन’ होत नाही, ‘विल बीन’ होत नाही, ‘हॅज बीइंग’ तर नाहीच. ‘बीन’ दिसलं की त्याच्या आधी ‘हॅव’च्या घरातलं कुणीतरी असलंच पाहिजे. परीक्षेतल्या चूक शोधायच्या प्रश्नांत हीच जागा आधी तपासावी.

आता पहिला नियम. ‘आय डिड नॉट वेंट’ का येतं? कारण मराठीत ‘मी गेलो नाही’ आणि ‘तू गेलास का?’ या दोन्हींत ‘गेलो’, ‘गेलास’ हे भूतकाळातच राहतात. ‘नाही’ किंवा ‘का’ जोडलं तरी क्रियापद आपला काळ सोडत नाही. इंग्रजीत काळ ‘डिड’कडं जातो आणि मुख्य क्रियापद हात मोकळे करून मूळ रूपात येतं: आय डिड नॉट गो. ‘डज’चंही तेच. ‘ही गोज’मधला शेवटचा ‘ज’ उचलून ‘डज’च्या शेपटीला लागला, म्हणून ‘डज ही गो?’. ‘डज ही गोज’मध्ये तोच ‘ज’ दोनदा मोजला जातो.

‘डू’ कधी बोलवायचं, हा पुढचा प्रश्न. वाक्यात आधीच कुणी सहायक असेल तर त्यालाच पुढं काढा किंवा त्याच्यामागं ‘नॉट’ लावा. कुणीच नसेल तर आणि तेव्हाच ‘डू’. ‘शी कॅन ड्राइव्ह अ ट्रॅक्टर’मध्ये ‘कॅन’ आहे, म्हणून ‘कॅन शी ड्राइव्ह?’. ‘दे ग्रो कॉटन’मध्ये कुणी नाही, म्हणून ‘डू दे ग्रो कॉटन?’. ‘बी’ एकटं मुख्य क्रियापद म्हणून आलं तरी सहायकासारखंच वागतं: ‘इज ही टायर्ड?’, ‘डज ही बी टायर्ड?’ नाही. ‘हॅव’चा अर्थ ‘जवळ असणं’ असेल तर आज त्याला ‘डू’ची मदत लागते: कंडक्टरनं विचारलं तर ‘डू यू हॅव चेंज?’. ‘हॅव यू चेंज?’ ही जुनी ब्रिटिश धाटणी. कानावर पडली तर चूक समजू नका, पण स्वतः वापरायची गरज नाही. ‘डू’ स्वतः काम करणं या अर्थानं आलं तर एका वाक्यात दोन ‘डू’ दिसतात, ‘व्हॉट डू यू डू?’. पहिलं मदतनीस, दुसरं कामकरी. तसंच ‘ही हॅड हॅड हिज लंच’: पहिलं हॅड काळाचं, दुसरं जेवणाचं.

जाता जाता: ‘डू’ची ही सक्ती इंग्रजीत मुळापासून नव्हती. सोळाव्या शतकापर्यंत ‘आय नो नॉट’, ‘नो यू हिम?’ असं सर्रास चालायचं, म्हणजे ‘माहीत नाही मला’ अशीच ठेवण. ‘डू’ तिथं हळूहळू घुसलं. तेव्हा ते तर्कानं शोधू नका, सवयीनं पक्कं करा.

एक अपवाद मात्र ठाऊक हवा. ‘कोणी’ विचारताना तो ‘कोणी’ स्वतःच वाक्याचा कर्ता असेल तर ‘डू’ लागत नाही. ‘माठ कोणी फोडला?’ म्हणजे ‘हू ब्रोक द पॉट?’. ‘हू डिड ब्रेक’ हे साध्या प्रश्नात बसत नाही आणि ‘हू डिड ब्रोक’ तर कुठंच नाही. ‘तू कोणाला भेटलास?’ यात कर्ता ‘तू’ आहे, म्हणून ‘हू डिड यू मीट?’.

प्रश्नात जागेचाही घोळ होतो. मराठीत ‘तू का रडतोस?’ म्हणताना काहीही हलत नाही, म्हणून ‘व्हाय यू आर क्राइंग?’ तोंडात येतं. इंग्रजीत सहायक कर्त्याच्या आधी उडी मारतो: व्हाय आर यू क्राइंग? हे शिकल्यावर मुलं उलट टोक गाठतात आणि वाक्याच्या पोटातल्या प्रश्नातही उडी मारून घेतात: ‘टेल मी व्हेअर आर यू गोइंग’. पोटातला प्रश्न सरळ राहतो. ‘टेल मी व्हेअर यू आर गोइंग.’ ‘कॅन यू टेल मी व्हॉट टाइम द बस लीव्ज?’ इथं उडी ‘कॅन’नं मारलीय, दुसऱ्या उडीची परवानगी नाही, आणि ‘डज’चीही गरज नाही.

शेपटीचा प्रश्न, म्हणजे आपलं ‘ना?’ किंवा ‘न्हाई का?’. आपलं ‘ना’ कुठंही चिकटतं, म्हणून सगळीकडं ‘इजन्ट इट?’ चिकटवलं जातं. इंग्रजी शेपटी वाक्यातलाच सहायक परत मागते. यू आर फ्रॉम जालना, आरन्ट यू? शी कॅन स्विम, कान्ट शी? दे ग्रो कॉटन, डोन्ट दे? शेवटच्या वाक्यात सहायक लपलेला होता, तो शेपटीत बाहेर आला. उत्तरात अजून एक सापळा असतो. ‘गेला नाहीस का?’ असं विचारल्यावर आपण ‘हो, नाही गेलो’ म्हणतो. आपलं ‘हो’ विचारणाऱ्याच्या अंदाजाला असतं. इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ हे सहायकाशी बांधलेले असतात. न गेलेल्या माणसाचं उत्तर ‘नो, आय डिडन्ट’ हेच. मुलाखतीत ‘येस, आय डिडन्ट’ म्हटलं तर समोरच्याला अर्थच लागत नाही.

आता ‘आहे’. मराठी माध्यमातल्या माणसानं एकच गोष्ट मोडून काढायची असेल तर ती म्हणजे ‘आहे बरोबर इज’ हे समीकरण. ‘तो शिक्षक आहे’मध्ये ते चालतं, ही इज अ टीचर. पण ‘माझ्याकडं दोन एकर रान आहे’ म्हणजे ‘आय हॅव टू एकर्स ऑफ लँड’. ‘विहिरीला पाणी आहे’ म्हणजे ‘देअर इज वॉटर इन द वेल’. ‘मला माहीत आहे’ म्हणजे नुसतं ‘आय नो’. त्याचं ‘आय ॲम नोइंग’ होतं ते याच ‘आहे’मुळं. ‘तो गेला आहे’ म्हणजे ‘ही हॅज गॉन’. ‘मला ताप आहे’ला ‘आय हॅव अ फीव्हर’, पण ‘मला भूक लागली आहे’ला ‘आय ॲम हंग्री’. एक ‘आहे’, आणि इंग्रजीत त्याला चार-पाच वाटा. म्हणून भाषांतर ‘आहे’पासून सुरू करू नये. आधी विचारावं, वाक्यात खरं काम काय चाललंय: ओळख, मालकी, अस्तित्व, चालू क्रिया की पुरी झालेली क्रिया? ‘ही इज हॅविंग टू ब्रदर्स’ ही चूकही तिथलीच. मालकी, माहिती, इच्छा, आवड यांना ‘इंग’ सहसा नाही. ‘ही इज हॅविंग लंच’ चालतं, कारण तिथं ‘हॅव’ म्हणजे जेवणं. ती क्रिया आहे.

‘जेवलोय’ आणि ‘जेवायलोय’ हा आपल्या बोलीतला फरक मात्र फार कामाचा आहे. ‘जेवायलोय’ला ‘ॲम ईटिंग’, ‘जेवलोय’ला ‘हॅव ईटन’. बोलीतली ही जोडी घट्ट धरली तर चालू आणि पूर्ण वर्तमानकाळातला गोंधळ बराच कमी होतो. अडतं ते दोन ठिकाणी. घडून गेलेल्या गोष्टीची ठरावीक वेळ सांगितली की इंग्रजीत ‘हॅव’ चालत नाही. ‘मराठवाडा वॉज लिबरेटेड ऑन १७ सप्टेंबर १९४८’ असंच. ‘हॅज बीन लिबरेटेड’च्या पुढं तारीख टाकता येत नाही. ‘वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात एका खडकातून कोरलं’ हेही ‘वॉज कार्व्हड’. ‘यस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’ दिसले की ‘हॅव’ला रजा. दुसरं ठिकाण याच्या नेमकं उलट. ‘तो २०१५ पासून परभणीत राहतो’ यात मराठी साधा वर्तमानकाळ वापरते, म्हणून ‘ही लिव्ज इन परभणी सिन्स २०१५’ असं लिहिलं जातं. तेव्हापासून आत्तापर्यंत असा पट्टा असेल तर इंग्रजीला ‘हॅव’ हवंच: ‘ही हॅज लिव्ड’ किंवा ‘ही हॅज बीन लिव्हिंग इन परभणी सिन्स २०१५’. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’.

मोडलांकडं येऊ. त्यांची शारीरिक लक्षणं आधी: ‘एस’ लागत नाही, मागं ‘टु’ येत नाही, ‘इंग’ होत नाही, दोन मोडल शेजारी बसत नाहीत. ‘ही कॅन्स’ का नाही? यातली बहुतेक क्रियापदं फार जुन्या काळी रूपानं भूतकाळी होती आणि अर्थानं वर्तमानाकडं सरकली. भूतकाळाच्या रूपाला ‘एस’ कधी लागतच नसतो, तीच खोड राहिली. ‘विल कॅन’ म्हणता येत नाही, म्हणून ‘विल बी एबल टु’. ‘कॅन एबल टु’ आणि ‘मस्ट हॅव टु’ हे मात्र एकाच कामाला दोन मजूर लावणं झालं. एकाला घरी पाठवा.

अर्थ लावताना इंग्रजीचे पारिभाषिक शब्द पाठ करण्यापेक्षा मराठीची हत्यारं वापरा. ती धारदार आहेत. ‘जाऊ शकतो’ला कॅन. ‘जायला पाहिजे’ला शुड, जोर असेल तर मस्ट. ‘जावं लागतं’ला हॅव टु, कारण ‘लागतं’मध्ये सक्ती बाहेरून आलेली असते: नियमाची, साहेबाची, परिस्थितीची. ‘मस्ट’ला भूतकाळ नाही, म्हणून ‘जावं लागलं’ हे नेहमी ‘हॅड टु गो’. ‘जाऊ नये’ला शुड नॉट, ‘जाता कामा नये’ला मस्ट नॉट. आणि ‘जायची गरज नाही’ला ‘डोन्ट हॅव टु’ किंवा ‘नीडन्ट’. सगळ्यात महाग पडणारी चूक इथं होते. ‘मस्ट’चा उलटा ‘मस्ट नॉट’ असं धरून माणूस ‘यू मस्ट नॉट पे’ म्हणतो. त्याच्या मनात असतं, पैसे द्यायची गरज नाही. ऐकणाऱ्याला कळतं, पैसे देऊ नका, मनाई आहे.

अंदाजाच्या भाषेत तर मराठी इंग्रजीशी जवळपास पावलाला पाऊल जुळवून चालते. मोडलच्या मागं ‘हॅव’ आणि तिसरं रूप आलं की गोष्ट मागं जाते. सुटून गेलेल्या एसटीवर हे सगळं मावतं:

बस गेली असेल. द बस मे हॅव गॉन, किंवा माइट हॅव गॉन.
बस गेली असणार. द बस मस्ट हॅव गॉन.
बस जाणं शक्य नाही, ती गेलेली नसणार. द बस कान्ट हॅव गॉन.
बस आत्तापर्यंत यायला पाहिजे होती. द बस शुड हॅव कम बाय नाउ.
मी आलो असतो. आय वुड हॅव कम.
मी येऊ शकलो असतो. आय कुड हॅव कम.

‘असेल’ आणि ‘असणार’ यांत खात्रीचा जो फरक आपल्याला न शिकवता कळतो, तोच ‘मे’ आणि ‘मस्ट’मध्ये आहे. अंदाजाचा ‘मस्ट’ नकारात गेला की सहसा ‘कान्ट’ होतो, हे तेवढं लक्षात असू द्या. यात ‘हॅव’चा उच्चार बोलताना इतका दबतो की ‘शुड अव्’ एवढंच ऐकू येतं. लिहिताना काहीजण तिथं ‘ऑफ’ लिहितात, ते चूक.

‘जर-तर’मध्ये मात्र मराठी दगा देते. ‘मला माहीत असतं तर मी आलो असतो’. दोन्ही बाजूंना ‘असतं-असतो’ आहे, म्हणून मुलं दोन्हीकडं ‘वुड हॅव’ टाकतात. इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘वुड’ला जागा नाही: इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम. पुढच्या काळाच्या अटीतही तेच, ‘इफ’जवळ ‘विल’ नाही. ‘पाऊस आला तर पेरणी सुरू करू’ म्हणजे ‘इफ इट रेन्स, वी विल स्टार्ट सोइंग’.

‘वुड’ म्हणजे ‘विल’चं नम्र रूप, असा एक समज सरकारी आणि शाळेच्या सूचनांत पसरलाय: ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे’. ठरलेली बैठक असेल तर ‘विल’. ‘वुड’ वाचून माणूस विचारतो, कशावर अवलंबून आहे ही बैठक? विनंतीत ‘वुड यू’ नम्र असतं, सूचनेत ते फक्त डळमळीत वाटतं. बोललेलं सांगताना मात्र ‘वुड’ लागतं, ‘ही सेड ही वुड कम’. मराठीत ‘येईन म्हणाला’ तसंच राहतं म्हणून आपण ‘विल’ ठेवून देतो.

‘कुड’चं एक बारीक. एकेकाळी अंगात असलेल्या क्षमतेला ‘कुड’ चालतं: दहाव्या वर्षी मला पोहता यायचं, ‘आय कुड स्विम’. पण काल एकदाच धावत जाऊन शेवटची गाडी पकडली, तर ‘आय वॉज एबल टु कॅच’ किंवा ‘मॅनेज्ड टु कॅच द लास्ट बस’. पकडता आली नसेल तर ‘कुडन्ट’ बिनधास्त.

‘यूज्ड टु’ हे जुन्या, सुटलेल्या सवयीचं. ‘आय यूज्ड टु सायकल टु स्कूल’ म्हणजे पूर्वी सायकलनं जायचो, आता नाही. आजच्या सवयीला ‘आय यूज टु गो’ म्हणू नये, ‘आय युज्वली गो’. आणि ‘आय ॲम यूज्ड टु द हीट’ ही वेगळीच चीज आहे, उन्हाची सवय आहे. तिच्यामागं नाम किंवा ‘इंग’ येतं. ‘हॅड बेटर’ दिसायला भूतकाळी, पण अर्थ ‘बरं राहील’ असा आत्ताचा, आणि मागं मूळ रूप: यू हॅड बेटर गो.

उच्चाराकडं दुर्लक्ष करू नका. ‘शुड, कुड, वुड’मध्ये ‘ल’ लिहिला जातो, उच्चारला जात नाही. ‘कॅन’ साध्या वाक्यात ‘कन’ इतकं हलकं होतं आणि ‘कान्ट’ लांब, ठसक्यात येतं. फोनवर ‘आय कॅन कम’मध्ये ‘कॅन’वर जोर दिला की ऐकणाऱ्याला ‘कान्ट’चा भास होतो. आखूड रूपांतही फसगत असते. ‘ही’ज गॉन’मधला ‘ज’ म्हणजे ‘हॅज’, ‘ही’ज गोइंग’मधला ‘इज’. ‘आय’ड’ ऐकलं तर पुढचा शब्द बघा: मूळ रूप असेल तर ‘वुड’, तिसरं रूप असेल तर ‘हॅड’, आणि ‘बेटर’ असेल तर हॅडच.

बारावीच्या पेपरात अर्थ देऊन मोडल वापरून वाक्य पुन्हा लिहायला सांगतात. तिथं गुण मोडल निवडण्यात कमी आणि मागचं क्रियापद न सोलण्यात जास्त जातात. ‘ही रन्स फास्ट’चं क्षमता दाखवणारं वाक्य ‘ही कॅन रन फास्ट’. ‘एस’ काढायला विसरू नका. स्पर्धा परीक्षेत चूक शोधताना वाक्य अर्थानं वाचण्याआधी एकदा नुसत्या सांध्यांवरून नजर फिरवा: डिड आणि मोडल यांच्यामागं मूळ रूप आहे का, हॅवच्या मागं तिसरं आहे का, बीच्या मागं उघडं क्रियापद तर नाही ना.

सरावासाठी तक्ते बाजूला ठेवा. रोज आपल्या बोलीतली पाच खरी वाक्यं घ्या, पुस्तकातली नाहीत. प्रत्येकाचं इंग्रजी करा, मग त्याच वाक्याचा नकार, प्रश्न, शेपटी आणि एक मोडल लावलेलं रूप मोठ्यानं म्हणा. म्हणजे पाचाची पंचवीस होतात आणि वीस मिनिटांच्या आत संपतात. लिहिताना पहिल्या सहायकाखाली रेघ मारा. रेघ मारायला काहीच सापडलं नाही, तर नकारात आणि प्रश्नात ‘डू’ येणार हे तिथंच ठरलं. तीन आठवडे तोंडी केलं नाही आणि नुसतं वहीत लिहिलं तर परीक्षा सुटेल, बोलणं सुटणार नाही.

सुरुवातीला ही पाच घ्या. ‘पाऊस पडायलाय.’ ‘बस निघून गेली असंल.’ ‘फॉर्म कालच भरायला पायजे व्हता.’ ‘मला दोनदा जावं लागलं.’ ‘तू उगी आलास, यायची गरज नव्हती.’ आधी स्वतः करा, मग खाली बघा.

इट इज रेनिंग. द बस मे हॅव लेफ्ट. यू शुड हॅव फिल्ड इन द फॉर्म यस्टर्डे. आय हॅड टु गो ट्वाइस. यू नीडन्ट हॅव कम. शेवटच्या वाक्यात ‘यू डिडन्ट नीड टु कम’ही चालेल, पण त्यातून माणूस आला की नाही हे कळत नाही, ‘नीडन्ट हॅव कम’मध्ये तो येऊन बसलेला असतो.